काचेमागची किल्ली

फाटकआजींना काहीही सांगा, त्या ते तुम्हालाच परत म्हणून दाखवतात. "आजी, गॅसवर दूध आहे, बघाल ना?" "गॅसवरचं दूध बघते." "आई, साडेचारला पाहुणे येतायत." "साडेचारला पाहुणे." एवढ्यावर भागत नाही. समोरचा माणूस "बरोबर" म्हणेपर्यंत त्या जागच्या हलत नाहीत. नव्या माणसाला वाटतं, म्हातारी आपल्याला चिडवतेय की काय. जावयाला लग्नानंतर सहा महिने तसंच वाटत होतं. एकदा बायको माहेरी गेलेली असताना त्याने फोनवर सासूबाईंना हळूच सांगितलं, "आई, तुमची लेक फार भांडते हो." पलीकडून खणखणीत आवाजात उत्तर आलं, "लेक फार भांडते." लेक शेजारीच उभी होती. पुढचा आठवडा जावयाला फार जड गेला म्हणतात.

ही खोड म्हातारपणाची नव्हे, पोटापाण्याची आहे. आजींनी एकोणतीस वर्षं रेल्वेचं सतरा नंबरचं फाटक सांभाळलं. लाइन एकेरी, रस्ता बारमाही वाहता, आणि दोघांच्या मधे ही एक बाई. स्टेशनातून फोन यायचा, "गाडी सुटली, फाटक लावा, नंबर बेचाळीस." आजी म्हणायच्या, "गाडी सुटली, फाटक लावते, नंबर बेचाळीस." तिकडून "बरोबर" आलं की मगच तो निरोप झाला. ऐकलं म्हणजे कळलं असं त्या धंद्यात कुणी धरत नाही, आणि तो नियम जगाने इतरत्रही लावून घेतला असता तर निम्मी भांडणं मिटली असती, असं आजींचं ठाम मत आहे.

घरातही एक नियम होता, तो आजींच्या नवऱ्याने घातलेला. नवरा सुतार. फाटकाला लागून दोन खोल्यांचं घर, मागे पत्र्याच्या आडोशाला त्याचं रंध्याचं काम चाले. फाटकावर घंटा झाली की गाडी जाईपर्यंत तिच्याशी, म्हणजे फाटकवालीशी, कुणी बोलायचं नाही, हा त्याचा नियम. लेक सहा वर्षांची असताना गुडघा फोडून घेऊन घरी आली, तेव्हा नेमकी घंटा झालेली. पोर पायरीवर बसून राहिली, गुडघ्यातून रक्त वाहतंय, ओठ दाताखाली. गाडी गेली, दांडे वर चढले, आणि मग तिने जे भोकाड पसरलं त्याने गाडीच्या शिट्टीलाही मागे टाकलं. बाप सगळ्यांना कौतुकाने सांगत सुटला, "माझी लेक पक्की रेल्वेची आहे."

एकोणतीस वर्षांत आजींनी किती निरोप परत म्हटले असतील याची मोजदाद नाही. एक मात्र म्हटला नाही. तो फोनवरून आला नव्हता. तो लेकीचा होता, दोन शब्दांचा. "आई, उघड!"

लेक तेव्हा चौदा वर्षांची होती. भर दुपारी, रंधा मारता मारता सुतार छातीवर हात दाबून खाली बसला. शेजाऱ्याचा भाजीचा टेम्पो दारात उभा होता, म्हणून त्यातच त्याला घातलं, बापाचं डोकं लेकीच्या मांडीवर. दवाखाना रुळांच्या पलीकडे. टेम्पो फाटकाशी आला आणि दोनच मिनिटं आधी फाटक लागलेलं. एक्स्प्रेस यायची होती. लेक टेम्पोतून उडी मारून दांड्याला लटकली आणि गळा फाटेस्तोवर ओरडली. आजी खोलीच्या दारात झेंडी धरून रुळांकडे बघत उभ्या राहिल्या. अकरा मिनिटांनी गाडी गेली. संध्याकाळच्या आत सुतार गेला. दवाखान्यातला डॉक्टर कामाच्या घाईत बोलून गेला, "पाच-दहा मिनिटं आधी आणायला हवं होतं." डॉक्टर पुढच्या पेशंटकडे गेला आणि ते वाक्य या दोघींबरोबर घरी आलं.

लेकीने आईला त्यावरून कधी बोल लावला नाही. लावला असता तर आजींना बरं वाटलं असतं, दोन हात करता आले असते. पुढे आजी निवृत्त झाल्या तेव्हा लेक स्वतः येऊन त्यांना आपल्या घरी घेऊन गेली. वाऱ्याची खोली त्यांना दिली. लेक रक्त तपासायच्या लॅबमध्ये काम करते, त्यामुळे औषधं वार लिहिलेल्या डबीत नेमकी भरलेली असतात, डोळ्यांच्या डॉक्टरांची तारीख कधी चुकत नाही. कर्तव्यात कुठे बोट ठेवायला जागा नाही, आणि हेच आजींना टोचायचं. बोलणं कसं, तर जेवढ्यास तेवढं. रस्ता ओलांडताना लेक आईचा हात धरायची, पलीकडे पोचलं की सोडायची. सव्वीस वर्षं हे असंच चाललं होतं, आणि मरायच्या आधी हे एकदा संपावं, याखेरीज आजींना आता जगाकडून काही नको होतं.

जावयाला यातलं काही माहीत नव्हतं. सासरे हृदयविकाराने गेले एवढंच त्याला ठाऊक. त्याचं चष्म्याचं दुकान आहे आणि गिऱ्हाइकांशी गप्पा मारण्यात त्याचा हात कुणी धरणार नाही. अशाच कुणा गिऱ्हाइकाने त्याला सांगितलं की बंद पडलेल्या जुन्या लाइनवर आता रेल्वेची बाग झालीय. जुनी इंजिनं, संग्रहालय, मुलांची छोटी गाडी. तो उड्या मारतच घरी आला.

"आई, ऐका! तुमचं सतरा नंबरचं फाटक उचलून नेऊन बागेत बसवलंय. खोलीसकट! रविवारी आपण सगळे जातोय."

आजींनी लेकीकडे पाहिलं. लेक कांदा चिरत होती. तिचा हात थांबला, पुन्हा चालू झाला. "जाऊ," ती म्हणाली.

"रविवारी रेल्वेची बाग," आजी म्हणाल्या.

"बरोबर!" जावई आणि नऊ वर्षांची नात एका सुरात ओरडले.

बाग चांगली होती, उगाच नावं कशाला ठेवा. इंजिनांना काळा रंग फासून नव्या बुटांसारखं चकचकीत केलं होतं. एका डब्यात उपाहारगृह होतं, तिथला चहा मात्र जुन्या स्टेशनवरच्या चहाइतकाच पाणचट, म्हणजे तेवढं अस्सल. जावई प्रत्येक इंजिनासमोर उभा राहून नातीला माहिती देत होता. उचलली जीभ लावली टाळ्याला. "ही साखळी ओढली की ब्रेक लागतो."

"ती शिट्टीची साखळी आहे," आजी मागून म्हणाल्या.

"तेच ते, शिट्टी मारून ब्रेक लावायचे," जावई म्हणाला.

फाटकाची खोली बागेच्या टोकाला होती. छोट्या गाडीचे रूळ तिच्यासमोरून जात होते आणि फाटकाचे खरे, लाल-पांढरे दांडे त्या रुळांवर बसवले होते. आजी दारात क्षणभर थबकल्या. भिंती इतक्या पांढऱ्या त्यांच्या एकोणतीस वर्षांत कधी नव्हत्या. आत स्टुलावर गणवेशातला पुतळा बसवला होता, चांगल्या झुपकेदार मिशांचा.

"आजी, हा कोण?" नातीने विचारलं.

"मी," आजी म्हणाल्या.

नात खिदळत खालीच बसली. जावई म्हणाला, "आई, मिशा शोभतात हो तुम्हाला, उगाच काढल्यात." लेकसुद्धा हसली, तोंडावर हात ठेवून, अगदी बापासारखी. आजींनी ते बघून घेतलं आणि मग खोली तपासायला लागल्या. कंदील भलत्याच खिळ्याला होता. फोन उजव्या हाताला ठेवला होता, म्हणजे लिहायचं कुठल्या हाताने? पुतळ्याच्या एकाच मुठीत लाल आणि हिरवी, दोन्ही झेंड्या कोंबल्या होत्या. "असा उभा राहिला असता तर पहिल्याच दिवशी याला घरी पाठवला असता," त्या म्हणाल्या.

मग त्यांचं लक्ष पुतळ्याच्या डोक्यावरच्या भिंतीकडे गेलं. तिथे काचेची छोटी पेटी होती. आत बागेच्या उद्घाटनाचा फोटो लावला होता, फीत कापणारे पाहुणे आणि टाळ्या वाजवणारे लोक. आजींनी नजर काढून घेतली.

तेवढ्यात निळा कोट घातलेली, गळ्यात शिट्टी अडकवलेली एक तरुण मुलगी आली. ती बागेची माहितीवाली. तिने बाहेरच्या ओट्यावर सगळ्यांना गोळा केलं आणि नातीलाच फाटकवाली नेमलं. नातीने दोन्ही हातांनी मोठं चाक फिरवलं, दांडे डुलत डुलत खाली आले. मग तिने कुलपातली किल्ली काढून शेजारच्या लोखंडी खोक्यात घातली. खट्ट आवाज झाला आणि लांबवरचा सिग्नल हिरवा झाला. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

"आता किल्ली खोक्यात अडकली," माहितीवाली म्हणाली. "कुणी फाटक उघडून दाखवतं का?"

जावई बाह्या सरसावून पुढे झाला. चाकाला लोंबकळला, पाय टेकवून ओढलं, मानेच्या शिरा फुगल्या. चाक ढिम्म हललं नाही. "सकाळी नाश्ता कमी झाला," तो हात झटकत म्हणाला.

"नाश्त्याचा दोष नाही," माहितीवाली हसली. "एकदा किल्ली आत गेली की गाडी जाईपर्यंत हे फाटक देवालाही उघडता येत नव्हतं."

"म्हणजे कुणालाच नाही?"

हे लेकीने विचारलं होतं. ती दांड्यापाशी उभी होती, दोन्ही हात दांड्यावर.

"कुणालाच नाही."

"आतल्या माणसालाही?"

"त्यालाही नाही. तोही आपल्यासारखाच वाट बघत उभा." मुलीने पाठ केलेलं म्हणून दाखवलं आणि ती छोट्या गाडीत मुलं बसवायला निघून गेली. गाडी भरून यायला वेळ होता. नात चाक सोडायला तयार नव्हती, जावई तिच्याजवळ थांबला.

लेक दांड्यापासून वळली. खोलीत आली. आजी पुतळ्याशेजारी उभ्या होत्या. तिने त्यांचा हात धरला, आणि इथे ओलांडायला रस्ता नव्हता.

"आई," ती म्हणाली. "उघडतच नव्हतं ते. तू मला कधी सांगितलं का नाहीस? इतकी वर्षं मी... मला वाटायचं तू..." तिने आईचा हात दोन्ही हातांत घेतला.

आजींना काय वाटलं असेल ते सांगायला नको. सव्वीस वर्षं ज्याची वाट पाहिली ते आपल्या पायांनी चालत आलं होतं. लेकीचा हात ऊबदार होता, थोडा खरखरीत, लॅबमध्ये सारखे हात धुवून झालेला. आता काही करायचं नव्हतं. नुसतं गप्प बसायचं, मूग गिळून, जे त्यांना उत्तम जमत होतं. काचेच्या पेटीत पाहुण्यांचा फोटो होता. त्या पेटीत पूर्वी काय असायचं हे या बागेत एकालाही माहीत नव्हतं. ज्यांना माहीत होतं ते स्टेशन मास्तर जाऊन दहा वर्षं झाली होती. आजींच्या मनात आलं, घे. म्हातारे, घे, मिळतंय ते घे. कुणाचं काय जातंय?

पण चुकीचा नंबर परत म्हटला गेला, तर "बरोबर" कसं म्हणायचं? ते त्यांना आयुष्यात कधी आलं नव्हतं.

"उघडत होतं," आजी म्हणाल्या.

"काय?"

"ती मुलगी सांगते ते पूर्ण नाही. तिला कुणी सांगितलं नसेल." आजींनी मोकळ्या हाताने भिंतीकडे दाखवलं. "त्या काचेमागे दुसरी किल्ली असायची. अडीअडचणीची. खाली दोरीला छोटी हातोडी. काच फोडायची, किल्ली घ्यायची, फाटक उघडतं. मग का फोडली ते लिहून द्यायचं, एवढंच."

लेकीचे हात अजून होते तिथेच होते, पण त्यांतली पकड गेली होती. "मग?"

"हातोडी घेतली होती मी हातात. तू ओरडत होतीस तेव्हा. मग ठेवली."

"ठेवली."

"गाडी सुटल्याचा निरोप आला होता. ड्रायव्हरला सिग्नल दिला होता, तो भरधाव येणार. तुमच्या टेम्पोच्या मागे शाळेची बस होती. तिच्यामागे सायकली, हातगाड्या. एकाला उघडलं की सगळे घुसतात, मग दांडा खाली येत नाही. मी आत उभी राहून नुसती त्या बसकडे बघत होते."

"गाडी अकरा मिनिटांनी आली, आई. अकरा."

"हो. मधे कुठेतरी रखडली. टेम्पो पाच वेळा पलीकडे जाऊन आला असता. तेव्हा मला ते माहीत नव्हतं. नंतर झालं. रोज सकाळी उठले की माहीत असायचं."

लेकीने हात सोडले. ती पेटीपाशी गेली. काचेतल्या फोटोकडे, त्या टाळ्या वाजवणाऱ्या माणसांकडे बघत पाठमोरी उभी राहिली. आजींचा हात तिने सोडला तसाच हवेत राहिला होता, तो त्यांनी हळूच खाली घेतला. हाती आलेलं आपण स्वतःच्या जिभेने घालवलं, असं त्यांच्या मनात आलं. बाहेरून जावयाचा आवाज येत होता, तो नातीला सिग्नलची माहिती देत होता, बहुतेक सगळी चुकीची.

"किल्ली होती," लेक म्हणाली. पाठमोरीच.

आजी तिच्या पाठीकडे बघत राहिल्या.

"किल्ली होती. हातोडी हातात होती. मागे शाळेची बस होती. तू काच फोडली नाहीस."

तेव्हा कुठे आजींच्या लक्षात आलं. लेक निरोप परत म्हणत होती. एकही शब्द न गाळता, चढ्या-उतरत्या सुराशिवाय, जसा म्हणायचा तसा. आणि आता ती थांबली होती, पलीकडच्या माणसाने थांबायचं तशी.

"बरोबर," आजी म्हणाल्या.

लेक वळली. डोळे लाल झाले होते, पण आवाज सरळ होता. "आता माझा एक आहे. तोही तुला कधी मिळाला नाही."

"सांग."

"मी दांड्याला लटकून ओरडत होते ना, तेव्हा बाबांनी टेम्पोतून मला हाक मारली. मी परत चढले. त्यांना धड श्वास घेता येत नव्हता. तरी मला म्हणाले, 'घंटा झालीय. तिच्याशी बोलायचं नाही.' तेवढंच. त्यानंतर ते काही बोललेच नाहीत." तिने मनगटाने नाक पुसलं. "मला रागच आला होता, आई, खोटं कशाला बोलू. तुझाही आणि त्यांचाही. पण शेवटचं सांगितलेलं म्हणून मी ते पाळत राहिले."

आजींनी तोंड उघडलं. निरोप परत म्हणायला हवा होता. सव्वीस वर्षं उशिरा आलेला असला तरी निरोप तो निरोप. "घंटा झालीय," त्या म्हणाल्या, आणि पुढचं येईना. रंध्याच्या भुशाने भरलेले त्याचे केस त्यांना दिसले, लेकीच्या मांडीवरचे, टेम्पो पलीकडे जाताना दिसले होते तसे. तो आपल्याकडे बघतसुद्धा नव्हता, हे त्यांनी तेव्हापासून मनाला लावून घेतलं होतं. आता कळलं, तो फाटकवालीचं लक्ष ढळू देत नव्हता.

लेक थांबून राहिली. घाई केली नाही.

"घंटा झालीय," आजींनी पुन्हा सुरुवात केली. "तिच्याशी बोलायचं नाही."

"बरोबर," लेक म्हणाली.

बाहेर छोट्या गाडीची शिट्टी झाली. रंगीत डबे खोलीसमोरून खडखडत गेले, आतली मुलं भिंतीकडे, पुतळ्याकडे, दोन रडणाऱ्या बायकांकडे बघून सारखेच हात हलवत होती. आजींनी सवयीने शेवटचा डबा जाईपर्यंत पाहिलं. लेक त्यांच्याजवळ येऊन उभी राहिली, खांद्याला खांदा लावून, आणि तीही शेवटचा डबा जाईपर्यंत बघत होती. माहितीवाली पळत आली, तिने खोक्यातली किल्ली सोडवून नातीच्या हातात दिली.

"आजी!" नात ओट्यावरून ओरडली. "गाडी गेली! उघडू का?"

उत्तर लेकीने दिलं.

"गाडी गेली," ती म्हणाली. "उघड."

नातीने किल्ली कुलपात घातली आणि दोन्ही हातांनी चाक फिरवायला घेतलं.